रेंगाळण्याचं इंग्रजी: 'लिंगर' हे क्रियापद टप्प्याटप्प्याने कसं वापरायचं

«माय फाइल इज लिंगरिंग इन द ऑफिस सिन्स थ्री वीक्स.» अशा धर्तीचं वाक्य मराठी माणसाच्या इंग्रजीत हमखास सापडतं. लिहिणाऱ्याने शब्दकोश पाहिलेला असतो. तिथे 'लिंगर' म्हणजे रेंगाळणे असं दिलेलं असतं आणि सरकारी कचेरीत फाइल रेंगाळते हे आपण रोज बोलतोच. तरीही या एका वाक्यात तीन चुका आहेत: क्रियापद चुकलं, काळ चुकला आणि 'सिन्स'ही चुकलं.

हा लेख मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आहे: विद्यार्थी, शिक्षक, भाषांतरकार, उपशीर्षकं लिहिणारे, ऑफिसात रोज ईमेल पाठवणारे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक जण थेट 'लिंगर ऑन की लिंगर ओव्हर' या प्रश्नावर उडी मारतात. पण मुळात तिथे 'लिंगर' बसतं का, हे ठरलेलं नसेल तर प्रिपोझिशन बरोबर येऊनही वाक्य चुकलेलंच राहतं.

## तयारी: उच्चार, स्पेलिंग आणि एक नियम

स्पेलिंग एल-आय-एन-जी-ई-आर. उच्चार 'फिंगर' आणि 'हंगर' यांच्यासारखा, म्हणजे अनुस्वारानंतर 'ग' स्पष्ट ऐकू आला पाहिजे. 'जिंजर', 'डेंजर', 'पॅसेंजर' हे शब्दही एन-जी-ई-आर याच अक्षरांनी संपतात, म्हणून काही जण 'लिंजर' म्हणतात. ते चूक आहे.

रूपं सोपी आहेत: लिंगर, लिंगर्स, लिंगर्ड, लिंगरिंग. कोणत्याही रूपात शेवटचा 'आर' दुप्पट होत नाही. 'रेफर' आणि 'प्रिफर' यांचा जोर दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर) पडतो, म्हणून 'रेफर्ड'मध्ये दोन 'आर' येतात. 'लिंगर'चा जोर 'ऑफर'सारखा पहिल्या अवयवावर आहे, म्हणून एकच.

आता नियम. 'लिंगर' अकर्मक आहे. त्याला कर्म लागत नाही, त्यामुळे त्याचा पॅसिव्हही होत नाही. «द स्मेल लिंगर्ड मी» चूक, «द मीटिंग वॉज लिंगर्ड» हेही चूक. जुन्या इंग्रजी साहित्यात 'लिंगर अवे द टाइम' असे सकर्मक प्रयोग भेटतात. ते वाचताना समजले तरी पुरे, लिहायला घेऊ नका.

तपासा: 'फिंगर, हंगर, लिंगर' असं तीनदा मोठ्याने म्हणा. 'ग' गिळला जात असेल तर आधी तेवढं सुधारा.

## टप्पा १: दोन प्रश्न विचारा

वाक्य लिहिण्याआधी ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याला हे दोन प्रश्न लावा.

पहिला: ते अजून तिथे आहे का? (भूतकाळातलं असेल तर, तेव्हा तिथे होतं का?)

दुसरा: एव्हाना ते जायला, विरायला किंवा संपायला हवं होतं का?

दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच 'लिंगर'. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. माळशेज घाटातला डोंगर तिथे आहे, पण तो कधी जाणारच नव्हता, म्हणून डोंगर 'लिंगर' होत नाही. त्याच डोंगरावरचं धुकं मात्र ऊन वर आल्यावर विरायला हवं होतं आणि दहा वाजले तरी विरलं नाही: «द फॉग लिंगर्ड ओव्हर द घाट टिल टेन.» वाक्य चोख आहे.

व्यक्तीबद्दल लिहिताना तिसरा प्रश्नही विचारा: थांबणं तिच्या मनाने आहे की नाइलाजाने? एसटी स्टँडवर दोन तास गाडीची वाट पाहणारा माणूस ताटकळतो. त्याला कुणी अडवून ठेवलं आहे, म्हणून तो 'लिंगर' करत नाही, 'वेट' करतो. गाडी लागली, कंडक्टरने घंटी दिली, तरी सोडायला आलेली बहीण खिडकीपाशीच उभी आहे, तिचा पाय निघत नाही, ती मात्र 'लिंगर' करते. ताटकळणं आणि घुटमळणं यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. तोच इंग्रजीत न्यायचा आहे.

सावधान: पाहुणे ठाण मांडून बसले, चार दिवस हललेच नाहीत, तिथे 'लिंगर' अपुरं पडतं. त्यासाठी 'ओव्हरस्टे' आहे: «दे ओव्हरस्टेड देअर वेलकम.» अशा प्रसंगी 'लिंगर'मधलं थांबणं थोड्या वेळाचं आणि सौम्य असतं.

## टप्पा २: मराठी 'रेंगाळणे' दोन ढिगांत वेगळं करा

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. मराठीतलं 'रेंगाळणे' दोन्ही बाजूंना चालतं. जे संपून जायला हवं होतं पण गेलं नाही, ते रेंगाळतं. जे पुढे सरकायला, पूर्ण व्हायला हवं होतं पण झालं नाही, तेही रेंगाळतं. इंग्रजी 'लिंगर' नेहमीच्या वापरात फक्त पहिल्या ढिगाचं आहे.

पावसाच्या बातम्यांत हे स्वच्छ दिसतं. हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मुंबईत मॉन्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि माघारीची ८ ऑक्टोबर. जूनच्या मध्यावर मराठी बातमी येते, 'मॉन्सून रेंगाळला'. म्हणजे कोकणाच्या खालीच कुठेतरी अडकला, पुढे सरकेना. याचं इंग्रजी «द मॉन्सून हॅज स्टॉल्ड» किंवा «द मॉन्सून इज डिलेड». मग ऑक्टोबरच्या मध्यावर बातमी येते, 'परतीचा पाऊस रेंगाळला'. जायची तारीख उलटली, भात कापणीला आला, तरी सरी थांबत नाहीत. इथे «द मॉन्सून हॅज लिंगर्ड इनटू मिड-ऑक्टोबर» अगदी बरोबर. मराठीत क्रियापद तेच राहिलं, इंग्रजीत दोन वेगळी लागली. येणं अडलं तर 'स्टॉल', जाणं लांबलं तर 'लिंगर'.

हीच कसोटी इतरांना लावा.

काम रेंगाळलं: काम पूर्ण व्हायचं होतं, ते अडलं. «द वर्क गॉट डिलेड» किंवा «द वर्क ड्रॅग्ड ऑन.»

खटला रेंगाळला: «द केस ड्रॅग्ड ऑन फॉर इयर्स.» अजून निकाल नसेल तर «द केस इज स्टिल पेंडिंग.»

रजेचा अर्ज, बिल, फाइल, मंजुरी यांना ऑफिसच्या इंग्रजीत एकच सरळ शब्द आहे, 'पेंडिंग'. «माय फाइल हॅज बीन पेंडिंग फॉर थ्री वीक्स.» कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर', सुरुवातीचा दिवस सांगायचा असेल तर 'सिन्स': «सिन्स द फर्स्ट ऑफ जून.»

खोकला रेंगाळला, चव जिभेवर रेंगाळली, आठवण रेंगाळली: तिन्ही ओसरायला हव्या होत्या. तिन्हींना 'लिंगर' चालेल.

आता प्रयोजक रूप. 'समितीने निर्णय रेंगाळत ठेवला', 'त्याने मुद्दाम प्रकरण रेंगाळवलं' असं आपण म्हणतो. 'लिंगर'ला असं रूप नाही, कारण त्याला कर्मच नाही. «ही लिंगर्ड द मॅटर» हे इंग्रजी वाचकाला कळणारही नाही. «ही ड्रॅग्ड द मॅटर आउट» लिहा, नाहीतर «ही केप्ट द मॅटर पेंडिंग.» एखाद्या गोष्टीचं भिजत घोंगडं पडलं असेल तर तिथेही हाच मार्ग.

तपासा: मराठी वाक्यातलं 'रेंगाळणे' काढून 'अडणे' किंवा 'लांबणीवर पडणे' घाला. अर्थ तोच राहिला तर 'लिंगर' नको. 'विरता विरेना' किंवा 'जाता जाईना' घातल्यावर अर्थ राहिला तर 'लिंगर' घ्या.

## टप्पा ३: कर्ता कोण आहे ते पाहा

कर्त्यानुसार या क्रियापदाची छटा बदलते, म्हणून प्रिपोझिशनकडे जाण्याआधी कर्ता निश्चित करा.

माणूस. काम संपलं तरी पाय निघत नाही. «आफ्टर द कॉन्सर्ट, अ फ्यू लिसनर्स लिंगर्ड निअर द स्टेज.» मैफल संपली तरी काही रसिक रंगमंचाजवळ घुटमळत राहिले. यात ओढ असते, कधी संकोच असतो, क्वचित नुसती फुरसत असते.

वास, चव, धूर, आवाज. इथे मूळ वस्तू गेलेली असते आणि तिची खूण मागे राहते. बोंबील तळून ताटं घासून झाली तरी स्वयंपाकघरात वास असतो: «द स्मेल लिंगर्ड इन द किचन.» काजूच्या फेणीचा घोट गिळून झाला तरी वास श्वासात राहतो, त्यालाही हेच क्रियापद. वास चांगला की वाईट हे 'लिंगर' सांगत नाही. मराठी 'दरवळणे' चांगल्या वासालाच लागतं, आणि शिवाय ते पसरण्याचं क्रियापद आहे, उरण्याचं नाही. मोगरा उमलला आणि अंगण दरवळलं, इथे «द फ्रेग्रन्स फिल्ड द यार्ड.» मोगऱ्याचा गजरा काढून ठेवला तरी उशीला वास होता, इथे «लिंगर्ड ऑन द पिलो.»

शंका, भीती, सल, आठवण. «डाउट्स स्टिल लिंगर» हे वर्तमानपत्री इंग्रजीतलं नेहमीचं वाक्य. खुलासा झाला तरी शंका पुरती गेली नाही, असा त्याचा अर्थ. 'शंकेची पाल चुकचुकली' याला मात्र हे लावू नका. पाल चुकचुकते तेव्हा शंका जन्माला येते, ती उरलेली नसते. 'आठवणी दाटून आल्या' यालाही नको, कारण तिथे आठवणी येतात. येण्याच्या क्षणाला 'लिंगर' कधीच लागत नाही.

नजर, बोट, कॅमेरा. «हर गेझ लिंगर्ड ऑन द फोटोग्राफ.» नजर जरुरीपेक्षा थोडी जास्त वेळ थांबली. 'खिळली' इतकी ती तीव्र नाही. नजर खिळली असेल तर 'फिक्स्ड' किंवा 'ग्लूड' लागेल. माणसाची नजर दुसऱ्या माणसावर 'लिंगर' झाली की इंग्रजी वाचक त्यात आकर्षण किंवा संशय वाचतो. वरिष्ठांबद्दल किंवा विद्यार्थ्यांबद्दलच्या अहवालात असं वाक्य जाऊ देऊ नका.

आजार. «अ लिंगरिंग कफ» बोलण्यात ठीक आहे. वैद्यकीय कागदावर ते अपुरं, कारण 'लिंगरिंग' ही वैद्यकीय वर्गवारी नव्हे. तिथे 'परसिस्टंट' किंवा 'क्रॉनिक' लिहितात, आणि त्या शब्दांना मोजमाप आहे. प्रौढांमधला आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला 'क्रॉनिक' धरतात. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात तर दोन आठवडे किंवा त्याहून अधिक खोकला असेल तरी तपासणी करायला सांगतात. म्हणून डॉक्टरांना लिहिताना विशेषण राहू द्या, दिवस सांगा: «कफ फॉर सिक्स्टीन डेज.»

मरणासन्न व्यक्ती. ही छटा वेगळी सांगायलाच हवी. «ही लिंगर्ड फॉर थ्री मन्थ्स» याचा अर्थ तो तीन महिने मृत्यूच्या दारात होता, खंगत जगला. कथेत, चरित्रात हे चालतं. शोकसंदेशात चालत नाही. दुसरा प्रश्न आठवा: 'एव्हाना जायला हवं होतं का?' घरच्यांना ते वाक्य तसंच ऐकू येऊ शकतं. मराठी वृत्तपत्रं 'दीर्घ आजाराने निधन' असं छापतात, त्याला इंग्रजीत रूढ शब्द आहेत «आफ्टर अ प्रोलाँग्ड इलनेस.» तेच वापरा. शोकसंदेश घाईत, फोनवर लिहिला जातो, म्हणून हे आधीच पक्कं करून ठेवा.

## टप्पा ४: प्रिपोझिशन निवडा

आता 'इन, ऑन, ओव्हर, अ‍ॅट' यांच्याकडे या.

जागेसाठी जे नेहमी लागतं तेच लागतं: 'अ‍ॅट द गेट', 'बाय द डोअर', 'निअर द स्टेज', 'इन द लॉबी'. इतर निघून गेले आणि आपण मागे राहिलो तर 'लिंगर बिहाइंड'. यात फारसं शिकण्यासारखं नाही.

'इन' मन, हवा, स्मरण यांना लागतं. «द ट्यून लिंगर्ड इन माय माइंड.» मराठीत सूर कानात राहतात, चव जिभेवर राहते. त्यानुसार 'इन द इअर्स' आणि 'ऑन द टंग' दोन्ही इंग्रजीतही चालतात, त्यामुळे इथे आपला अंदाज सहसा चुकत नाही.

'ओव्हर' आणि 'ऑन' यांत मात्र गडबड होते.

'लिंगर ओव्हर' म्हणजे एखादी गोष्ट करताना निवांत वेळ घेणं. ती गोष्ट बहुतेक वेळा खाण्यापिण्याची असते. «वी लिंगर्ड ओव्हर अवर टी.» कप रिकामे झाले, गप्पा चालू राहिल्या. यात समाधान आहे. «वी लिंगर्ड ऑन अवर टी» असं कोणी म्हणत नाही. धुकं घाटावर पसरून राहतं तिथेही 'ओव्हर' येतं, पण तो जागेचा 'ओव्हर' आहे, निवांतपणाचा नाही.

'लिंगर ऑन' म्हणजे नजर किंवा लक्ष एखाद्या गोष्टीवर जास्त वेळ राहणं. «द कॅमेरा लिंगर्स ऑन द एम्प्टी चेअर.» विषयालाही लागतं: «लेट अस नॉट लिंगर ऑन धिस पॉइंट.» बैठकीत हे सभ्य आणि उपयोगी वाक्य आहे.

आणि दुसरा एक 'ऑन' आहे, ज्याच्यामागे नाम येतच नाही. «द कस्टम लिंगर्स ऑन.» प्रथा क्षीण झाली आहे, पण अजून तग धरून आहे. हा 'ऑन' प्रिपोझिशन नाही, तो 'चालूच' एवढाच अर्थ देतो, 'कॅरी ऑन'मधल्यासारखा. ओळखायची खूण सोपी: 'ऑन'नंतर वस्तू आली तर पहिला, वाक्य संपलं किंवा काळ-स्थळ आलं तर दुसरा. «द पेन लिंगर्ड ऑन फॉर वीक्स» यात वेदना आठवड्यांवर बसलेली नाही, आठवडेच्या आठवडे चालू राहिली आहे.

सावधान: 'लिंगर विथ' हेही दिसतं, «द मेमरी लिंगर्स विथ मी.» ते चूक नाही, पण बहुतेक ठिकाणी 'स्टे विथ' जास्त सहज वाटतं.

## टप्पा ५: काळ आणि कालावधी

मराठीत 'वास येतो आहे', 'शंका राहते आहे' असं चालू वर्तमान आपण सहज वापरतो. त्याची सावली इंग्रजीवर पडते आणि «द डाउट इज लिंगरिंग» असं लिहिलं जातं. व्याकरण मोडत नाही. पण वास, शंका, आठवण अशा कर्त्यांना साधा वर्तमान आणि जोडीला 'स्टिल' जास्त शोभतो: «द डाउट स्टिल लिंगर्स.» 'स्टिल'ची जागा क्रियापदाच्या आधी. माणसासाठी मात्र चालू काळ बिनदिक्कत वापरा: «ही वॉज लिंगरिंग बाय द गेट.»

कालावधीसाठी 'फॉर', शेवटच्या क्षणासाठी 'अंटिल' किंवा 'टिल'. आणि एक रचना पाठच करून ठेवा, 'लाँग आफ्टर': «द टेस्ट लिंगर्स लाँग आफ्टर द मील इज ओव्हर.» यात 'मूळ गोष्ट संपली' आणि 'खूण उरली' या दोन्ही बाजू एकाच वाक्यात येतात, त्यामुळे टप्पा १ मधले दोन्ही प्रश्न आपोआप सुटतात. नवशिक्याने आधी याच साच्यात चार-पाच वाक्यं लिहावीत. मग बाकीच्या रचना फार जड जात नाहीत.

## टप्पा ६: 'लिंगरिंग' विशेषण म्हणून

मोजक्याच नामांशी याची जोडी जमते: डाउट, सस्पिशन, फिअर, स्मेल, आफ्टरटेस्ट, इफेक्ट, इलनेस, क्वेश्चन, लुक. ऑफिसच्या ईमेलमध्ये «एनी लिंगरिंग क्वेश्चन्स?» छान चालतं, म्हणजे सगळं समजावून झाल्यावरही काही शंका उरल्या आहेत का. मात्र बैठक सुरू होण्याआधी असं विचारू नका. अजून काही समजावलंच नाही तर उरणार काय?

«लिंगरिंग प्रॉजेक्ट», «लिंगरिंग पेमेंट», «लिंगरिंग डेडलाइन» हे तिन्ही टाळा. पहिल्याला 'डिलेड', दुसऱ्याला 'पेंडिंग' किंवा 'ओव्हरड्यू', तिसऱ्याला 'मिस्ड'.

## टप्पा ७: शेजारचे शब्द पारखा

'लिंगर' बसतंय असं वाटल्यावरही एकदा शेजारी पाहा.

'लॉयटर' हा शब्द 'लिंगर'च्या सर्वांत जवळचा आणि सर्वांत धोक्याचा. त्यात संशय आहे. शिकागो शहराने १९९२ मध्ये टोळ्यांविरुद्ध लॉयटरिंगचा नियम केला. त्यात 'कोणताही उघड हेतू नसताना एका जागी थांबणं' अशी व्याख्या होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो अतिसंदिग्ध म्हणून रद्द ठरवला. नियम गेला, पण शब्दातला आरोप तसाच आहे. सोसायटीच्या नोटिशीत «व्हिजिटर्स शुड नॉट लॉयटर इन द लॉबी» लिहिलं की आलेल्या पाहुण्याला आपल्यावर नजर आहे असं वाटतं. एवढं कडक म्हणायचं नसेल तर «प्लीज डू नॉट वेट इन द लॉबी» पुरे. उलट, व्याख्यानाच्या निमंत्रणात «यू आर वेलकम टू लिंगर अँड चॅट आफ्टर द टॉक» हे आपुलकीचं आहे. तिथे 'लॉयटर' घातलं तर निमंत्रणाची वाट लागेल.

'स्टे' आणि 'रिमेन' यांत 'जायला हवं होतं' ही छटा नाही. नुसतं राहणं सांगायचं तर हेच घ्या.

'परसिस्ट' म्हणजे हट्टाने टिकणं. औषधाच्या वेष्टनावर «इफ सिम्प्टम्स परसिस्ट» असतं, तिथे 'लिंगर' नसतं, कारण तिथे काव्य नको, स्पष्टता हवी.

'हॉन्ट' म्हणजे पिच्छा पुरवणं. दुःखद, भयंकर आठवण पुन्हा पुन्हा येऊन छळत असेल तर हे. 'लिंगर' होणारी आठवण मंद असते आणि हळूहळू फिकी होत जाते.

'डॉडल' म्हणजे चालता-चालता, कामात वेळ काढणं. शाळेत जाताना वाटेत रमतगमत जाणारं पोर 'डॉडल' करतं. ते चालतं आहे, थांबलेलं नाही.

## टप्पा ८: एका उताऱ्यावर हात चालवा

खालचा उतारा इंग्रजीत न्यायचा आहे असं समजा.

'लग्न आटोपलं. मंडपवाले बांबू सोडायला लागले तरी मामा दाराशी घुटमळत होते. स्वयंपाकघरात तळणाचा वास अजून होता. केटररचं बिल तेवढं रेंगाळलं होतं. मुलीच्या रिकाम्या खोलीवर आईची नजर थोडा वेळ थांबली. दोन-तीन दिवस घरात हुरहुर राहिली.'

आधी दोन प्रश्न लावा. मामा: आहेत, निघायला हवं होतं, कुणी अडवलेलं नाही. 'लिंगर' बसतं. वास: बसतं. बिल: दुसऱ्या ढिगातलं, 'पेंडिंग'. नजर: बसतं. हुरहुर: बसतं.

म्हणजे सहा वाक्यांत चार ठिकाणी 'लिंगर' व्याकरणाने बरोबर आहे, आणि चारही ठिकाणी घातलं तर उतारा मेला. मूळ मराठीत घुटमळणं, असणं, थांबणं, राहणं अशी चार वेगळी क्रियापदं आहेत. ती सगळी एका शब्दात कोंबणं ही रेंगाळलेल्या फाइलइतकीच सर्रास होणारी चूक आहे. शब्द नवा शिकला की तो जिथे-तिथे पेरावासा वाटतो. एका परिच्छेदात तो एकदाच येऊ द्या, फार तर दोनदा.

मग कुठे ठेवायचा? जिथे दुसऱ्या कुठल्याही क्रियापदाने काहीतरी हरवेल तिथे. वासाला 'हंग' चालतं: «द स्मेल ऑफ फ्राइंग स्टिल हंग इन द किचन.» हुरहुरीला 'स्टे' चालतं: «अ क्वाएट एक स्टेड विथ अस फॉर अ फ्यू डेज.» (इथला 'एक' म्हणजे ए-सी-एच-ई, सल.) आईच्या नजरेला 'रेस्ट' चालतं: «हर मदर्स आईज रेस्टेड फॉर अ मोमेंट ऑन द एम्प्टी रूम.» मामांना 'स्टूड' लिहिलं तर ते नुसते उभे राहतात, 'वेटेड' लिहिलं तर रिक्षेची वाट पाहतात, 'लॉयटर्ड' लिहिलं तर त्यांच्यावर संशय येतो. घुटमळणं यांतल्या एकातही उतरत नाही. म्हणून शब्द तिथे खर्च करा: «द मेन हॅड बिगन टेकिंग डाउन द मंडप, बट मामा लिंगर्ड बाय द डोअर.»

शेवटची तपासणी: लिहून झालेला मजकूर घ्या आणि 'लिंगर'च्या प्रत्येक रूपाखाली रेघ मारा. प्रत्येक रेघेला क्रमाने विचारा: मागे कर्म लागलंय का? दोन्ही प्रश्नांना 'हो' आहे का? 'ऑन'नंतर वस्तू आहे की काळ? याच परिच्छेदात आधी एकदा येऊन गेलाय का? पहिल्या दोन प्रश्नांत अडकला तर शब्द बदला. तिसऱ्यात अडकला तर वाक्य पुन्हा वाचा. चौथ्यात अडकला तर कोणतं 'लिंगर' काढलं तर मजकुराचं कमी नुकसान होईल ते पाहा आणि ते काढून टाका.